दहा बाय बाराची खोली आणि काळी पाचचा खरज

आमचं घर सांगलीत, गावभागात. कृष्णा हाकेच्या अंतरावर. २००५ च्या पुरात तळमजल्यावर पाणी आलं होतं, तेव्हा वाटलं होतं की असं पुन्हा आपल्या आयुष्यात होणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. माणसं वेळेत बाहेर पडली, पण माझी पेटी (हार्मोनियम) खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडून पाहिली तर लाकूड फुगलेलं, सुरांवर गाळ बसलेला, भाता चिखलानं चिकटलेला. त्याच आठवड्यात ठरवलं, वाद्यं आणि गाण्याचा क्लास आता कायमचा वरच्या मजल्यावर.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. मुलांना पलटे आणि बंदिशी फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला लागले, आणि पहिल्यांदाच स्वतःचा आवाज लक्ष देऊन ऐकला. विहिरीत तोंड घालून गायल्यासारखा येत होता. एका मुलीच्या आईनं विचारलं, "ताई, तुम्ही बाथरूममध्ये बसून गाता का हो?" मी चांगला माईक मागवला. आवाज तसाच विहिरीतून येत राहिला, फक्त विहीर आता जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली. तिथून पुढे घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्याबद्दल जे शिकले ते इथे लिहिते आहे. तासगाव, इस्लामपूर, कराडकडचे भजनी मंडळवाले, कीर्तनकार, शाळेत नाटक बसवणारे शिक्षक मला सारखे विचारतात की कुठला माईक घेऊ. माझं उत्तर एकच असतं: पहिला पैसा खोलीत घाला, माईकचं नंतर बघू.

आधी एक वही

काहीही विकत घेण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. ज्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं आहे तिथे दर तासाला पाच मिनिटं दारंखिडक्या लावून, पंखा बंद करून, डोळे मिटून बसा आणि कानावर पडेल तो प्रत्येक आवाज वेळेसकट लिहा. घरातल्यांना थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या.

माझ्या वहीतली पहिली नोंद पहाटे साडेपाचची आहे: "नळाला पाणी आलं. तीन घरांच्या मोटारी." सव्वासातला घंटागाडी, तिच्या गाण्यासकट. मग साडेदहापर्यंत शाळेच्या रिक्षा, भांडी, शेजारच्या वहिनींचा कुकर. दुपारी दीड ते साडेतीन गल्ली झोपते. पाचनंतर पुन्हा सगळं सुरू. ही झाली रोजची वेळ, पण ऋतूंचीही वेगळी पानं ठेवावी लागली. गळीत हंगामात रात्री ऊस भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात, मागे दोन ट्रॉल्या आणि टेप मोठ्यानं लावलेला. गाणं खिडकी लावली की कमी होतं, पण इंजिनाची धडधड जमिनीतून वर येते, ती कुठल्याच खिडकीनं थांबत नाही. एप्रिलमध्ये कोकीळ भर दुपारीही ओरडतो. गणपतीचे दहा दिवस मी रेकॉर्डिंग ठेवतच नाही.

या वहीनं मला फुकटात दोन तास दिले. दीड ते साडेतीन ही माझी रेकॉर्डिंगची वेळ, गेली पाच वर्षं. साउंडप्रूफ खोली बांधायला लाखात खर्च येतो. गल्ली झोपण्याची वाट बघायला काही लागत नाही.

खोली निवडताना शक्यतो रस्त्याकडची सोडा. ज्या खोलीच्या भिंती नऊ इंची विटेच्या आहेत आणि खिडकी एकच आहे ती घ्या. फार लहान खोली नको, आणि लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस तर नकोच. त्याचं कारण पुढे येईलच.

थांबवणं वेगळं, शोषणं वेगळं

या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे वाया जातात. माझे गेले. ऑनलाइन जाहिरात बघून मी काळ्या फोमचे चौकोन मागवले, एक इंच जाडीचे, "साउंडप्रूफिंग फोम" म्हणून. सगळी एक भिंत भरली. घंटागाडी पहिल्यासारखीच ऐकू येत राहिली. फोम हलका आणि सच्छिद्र असतो. बाहेरचा आवाज अडवायला लागतं वजन आणि फट नसणं. वीट, जाड काच, सागवानी दार ही कामं करतात. दाराखालून बोटभर फट असेल तर बाकी भिंत कितीही जाड असून उपयोग नाही, कारण जिथून हवा येते तिथून आवाज येतो.

म्हणून थांबवण्यासाठी मी तीनच कामं केली. दाराच्या चौकटीला चारही बाजूंनी रबराची पट्टी लावली आणि खालच्या फटीला ब्रशची पट्टी ठोकली. खिडकीच्या आतल्या बाजूनं, चार इंचांची पोकळी सोडून, सहा मिलिमीटर काचेची दुसरी चौकट सुताराकडून बसवून घेतली, तिच्या कडा सिलिकॉननं बंद केल्या. आणि भिंतीतून गेलेल्या जुन्या केबलच्या भोकांत पुट्टी भरली. एवढ्यानं बोलण्याचे, भांड्यांचे, रिक्षाचे आवाज बरेच खाली गेले. धडधडीसाठी काही करता येत नाही, ती ज्या दिवशी असेल त्या दिवशी थांबायचं.

एक काळजी घ्या. बंद खोलीत हवा खेळत नाही. मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो. वीस मिनिटं गायलं की दार उघडायचं, पंखा लावायचं, पाणी प्यायचं. मुलं गात असतील तर पंधराच मिनिटं.

आता शोषणं. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून "टर्र" असा बारीक थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. फरशी, प्लास्टर, स्लॅब हे सगळे आवाज परत करतात. हा परत आलेला आवाज माईकमध्ये मूळ आवाजात मिसळतो, तीच माझी विहीर होती.

खोलीचा स्वतःचा सूर

ही गोष्ट समजायला मला सहा महिने लागले आणि ती समजल्यावर सगळंच सोपं झालं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझी खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. मी काळी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा सा. तंबोऱ्याची पहिली तीन तारं नीट यायची, पण खरज (चौथी तार, सगळ्यात खालचा सा) आला की खोली भरून जायची. रेकॉर्डिंगमध्ये तो एकच सूर फुगलेला, बाकीचे मागे. मी तंबोराच दोषी धरला. मिरजेला जाऊन जवारी काढून, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आणली. खरज फुगलेलाच.

दोष खोलीचा होता. दोन समांतर भिंतींमध्ये आवाज मागेपुढे जातो तेव्हा अंतराच्या मापानुसार काही ठरावीक सूर वाढतात. ते काढायची सोपी रीत: ५६५ या आकड्याला फुटांनी भागा. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं हे निम्मं. माझ्या खोलीची लांबी बारा, म्हणजे ४७ हर्ट्झ. रुंदी दहा, म्हणजे साडेछप्पन. त्याची दुप्पट ११३. काळी पाचचा खरज आहे साडेएकशे सोळा हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माझा खरज आणि खोलीचा सूर जवळजवळ एकच. त्यात उंचीसुद्धा दहा फूट, म्हणजे तोच सूर जमीन आणि स्लॅबमध्येही वाढत होता. चौरस खोली नको म्हणाले ती याचसाठी. तीनही मापं एकसारखी असली की तिन्हीकडून एकच सूर फुगतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमाराही याच भागात येतो, त्यामुळे तबलजींनाही हा त्रास होतो.

उपाय सापडला तो अचानक. तबल्याला येणारे काका त्या दिवशी उशिरा आले, मी तोवर हेडफोन लावून, एका हातात माईक धरून खोलीभर फिरत होते आणि विद्यार्थिनी नुसता खरज छेडत होती. मध्यभागी सूर फुगलेला. भिंतीकडे सरकत गेले तसा तो उतरत गेला, एका जागी अगदी सरळ झाला, आणि भिंतीला चिकटल्यावर पुन्हा चढला. ती सरळ जागा मोजली तर बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट. दहाचा बरोबर चौथा हिस्सा. दुप्पट सूर खोलीच्या मध्यावर आणि भिंतींशी सगळ्यात मोठा असतो आणि पाव अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. गंमत अशी की जमिनीवर मांडी घालून बसलेल्या गाणाऱ्याचं तोंडही अडीच फुटांच्या जवळपास येतं, म्हणजे उंचीच्याही चौथ्या हिश्शावर. आपली बैठक या बाबतीत खुर्चीपेक्षा चांगली ठरली.

तर खोलीच्या मध्यावर माईक मांडू नका. फरशीवर खडूनं चौथ्या हिश्शाच्या रेषा काढा, आणि त्या रेषांच्या आसपास माईक हलवत कानानं जागा शोधा. शेवटी कानच खरा, आकडा फक्त कुठे शोधायचं ते सांगतो.

तक्ते

शोषायला मी आठ तक्ते करून घेतले. चार फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यात दोन इंच जाडीचं, ४८ घनतेचं रॉकवूल, वरून कापड. रॉकवूल औद्योगिक इन्सुलेशनच्या दुकानात मिळतं, बॉयलर आणि भट्ट्यांना लावतात तेच. ते पेटत नाही, हा फोमच्या तुलनेत मोठा फायदा. बंद खोलीत, वायरींच्या शेजारी पेट घेणारी वस्तू भिंतभर लावणं मला आता पटत नाही, म्हणून फोम काढून टाकला.

रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क लावा, त्याचे धागे अंगाला टोचतात. आधी पातळ नॉन-वोव्हन कापडात गुंडाळा, मग वरचं कापड ताणून मागे स्टेपल मारा. वरचं कापड कुठलं? तोंडापाशी धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जाईल. मी मार्केट यार्डातून नवं गोणपाट आणलं. वापरलेली पोती कमी किमतीत मिळत होती, पण हळदीची धूळ त्यांच्यातून कधीच पूर्ण जात नाही आणि गाणाऱ्याच्या घशाला ती नको.

तक्ते भिंतीला चिकटवायचे नाहीत. मागे दोन इंच जागा सोडून टांगायचे. मागच्या पोकळीमुळे तोच तक्ता खालचे सूरही जास्त शोषतो, पैसे न वाढवता. चार तक्ते मी कोपऱ्यांत तिरके उभे केले, कारण खालचे सूर कोपऱ्यात साठतात. कोपऱ्यातल्यांमध्ये रॉकवूलचे दोन थर घातले. उरलेले चार गाणाऱ्याच्या भोवती. लाकूड, रॉकवूल, कापड आणि सुतारमामांची मजुरी धरून मला तेव्हा साडेअकरा हजार लागले. माझ्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात कामी आला.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. माईकच्या मागे शोषणारं काहीतरी लावतात. पण गाण्यासाठी आपण वापरतो तो माईक समोरून ऐकतो आणि पाठीमागून कमी ऐकतो. त्याच्या समोर काय आहे? गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा तक्ता गाणाऱ्याच्या पाठीशी लागतो.

ज्यांना आत्ता एवढा खर्च जमत नाही त्यांनी घरातल्या दोन कापसाच्या गाद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या करून गाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवाव्यात, खाली सतरंजी अंथरावी आणि बाजूला दोरीवर आजीची वाकळ टांगावी. खालचे सूर यानं आवरत नाहीत, पण विहीर नक्की जाते. मी पहिलं वर्ष असंच काढलं. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. ते हलके पुठ्ठ्याचे असतात, थोडा वरचा आवाज विस्कटतात, शोषत काहीच नाहीत, आणि पावसाळ्यात झुरळं येतात.

वीज

खोली झाली, माईक आला, आणि रेकॉर्डिंगच्या तळाशी एक बारीक घूं ऐकू यायला लागला. पंधरा दिवस मी तो शोधत होते. केबल बदलली, माईक बदलून पाहिला, ट्यूबलाइट काढली. शेवटी एकदा वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि घूं थांबला. वीज आली, चार्जर चालू झाला, घूं परत. चार्जरची पिन काढली की शांत.

भावानं येऊन सॉकेट उघडला. तीन पिनांचा सॉकेट होता, पण अर्थिंगच्या पिनला मागे वायरच जोडलेली नव्हती. ज्यानं वायरिंग केलं त्यानं वरच्या मजल्याला अर्थिंग आणलंच नव्हतं, आणि आम्ही बारा वर्षं तसेच राहिलो. नवं अर्थिंग करून घेतलं, स्टुडिओच्या खोलीला मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन आणली. घूं ९० टक्के गेला. राहिलेला घालवायला मी अजूनही टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) घेताना चार्जर काढते. घूं जावा म्हणून काही जण अर्थिंगची पिनच तोडून टाकतात. तसं करू नका, माईक हातात धरणाऱ्याला झटका बसू शकतो.

लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइनवेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर चार्जर, पंखे सगळेच घरघरतात आणि ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. गिटारवाल्यांनी पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे आणि डिमरकडे लक्ष द्यावं, पिकअप ते आवाज ओढून घेतो.

सामान

लागतं ते फार नाही. साधा चालता लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक माईक, खाली घट्ट बसणारा बूम स्टँड, पॉप फिल्टर (माईकसमोरची जाळी), माईकची एक्सएलआर केबल आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. माझ्याकडे फोकसराइटचा स्कार्लेट सोलो आहे. एकट्या गाणाऱ्याला तो पुरतो. पेटी, तबला सोबत घ्यायचा असेल तर आत्ताच किमान दोन माईकचा इंटरफेस घ्या, नंतर बदलणं महाग जातं.

माईकमध्ये दोन जाती लक्षात ठेवा. डायनॅमिक माईक जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा माईक, आपल्या प्रत्येक मंडपात दिसतो तो. खोली अजून तयार नसेल, किंवा कीर्तनकारबुवांचा आवाज मोठा असेल, तर हाच घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर धरा. कंडेन्सर माईक बारीकसारीक सगळं ऐकतो, गाणाऱ्याचा श्वास आणि घंटागाडीसुद्धा. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ते बटण चालू करायला विसरलात तर माईक मेलेला वाटेल. खोली तयार झाल्यावर कंडेन्सर घेतला तर त्याचं चीज होतं. मी आधी ऑडिओ टेक्निकाचा एटी२०२० घेतला, गाण्याला तो उत्तम आहे. तंबोऱ्यासाठी पुढे रोडचा एनटी१ घेतला, कारण त्याची स्वतःची सळसळ फार कमी आहे आणि तंबोऱ्याचा आवाज मुळात लहान असतो.

स्पीकर पहिल्या वर्षी घेऊ नका. खोली नीट झाल्याशिवाय स्पीकर खोटं बोलतात.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. ऑडॅसिटी फुकट आहे. मी रीपर वापरते, त्याचा ६० दिवस पूर्ण वापर करून बघता येतो आणि मग घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. सेटिंग एकदाच करून ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळतो ते माप) १२८ ठेवा, नाहीतर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो आणि लय बिघडते. तरीही उशीर जाणवला तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. मिक्सिंगच्या वेळी बफर वाढवा.

लेव्हल लाल दिव्यापर्यंत नेण्याची सवय मंडपातून येते. इथे सगळ्यात मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. २४ बिटमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवून काही कमी होत नाही. गाणारा सरावात जेवढ्या जोरात गातो त्यापेक्षा टेकमध्ये नेहमी जास्त जोरात गातो. ती जागा त्याच्यासाठी लागते.

तंबोरा कसा घ्यायचा

हे मी कुणाकडूनच शिकले नाही, म्हणून सांगते. मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या दुकानात भोपळे छताला टांगलेले असतात आणि कुणीतरी सतत जवारी घासत बसलेलं असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. असं वाद्य दहा मैलांच्या आत तयार होत असताना आपण मुलांना ॲपवरच्या तंबोऱ्यावर गायला बसवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ॲप सोयीचं आहे, मीही प्रवासात वापरते. पण घरात एक खरा तंबोरा नीट रेकॉर्ड करून ठेवला तर आयुष्यभर पुरतो.

तंबोरा खोलीत आणून किमान अर्धा तास तसाच ठेवा. पंखा बंद झाला, खोली तापली की लाकूड आणि तारा जागा बदलतात. अर्ध्या तासानं पंचम, जोड आणि खरज लावा, मग मण्यांनी बारीक करा. आता घोडीवर कान न्या. प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की तारेचा आवाज बंद, मोकळा, मग पुन्हा बंद होतो. मधल्या त्या मोकळ्या जागी तारेतून वरचे सूर एकामागून एक उघडत जातात, कापडाची घडी उलगडावी तसे. चारही तारांचे दोरे त्या जागेवर आणायला मला कधी पाऊण तास लागतो. हेडफोन लावून करू नका, कानानंच करा.

माईक घोडीपासून सव्वा ते दीड फुटांवर ठेवा, घोडी आणि दांडीचा जोड यांच्या मध्ये रोखून. छेडणाऱ्या बोटांच्या समोर ठेवलात तर नखाचा, बोटाचा घासल्याचा आवाज येतो. भोपळ्याच्या समोर ठेवलात तर नुसता घुमारा. छेडणाऱ्यानं बांगड्या, घड्याळ काढून ठेवावं, आणि सुती कपडे घालावेत. नायलॉनच्या साडीची सळसळ मी एकदा आख्ख्या टेकमध्ये ऐकली आहे. श्वास सावकाश घ्यायचा, बोटांचा जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक.

काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच, प्रत्येक पट्टीचा दहा-दहा मिनिटांचा तंबोरा असा घेऊन ठेवा. माझ्याकडे वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या पट्टीचा आहे, तिच्याच हातानं छेडलेला. मुलं घरी त्यावर रियाज करतात.

पेटी आणि गाणं एकत्र घ्यायचं झालं तर पेटीचा माईक पेटीपासून जेवढ्या अंतरावर आहे त्याच्या तिप्पट तो गाण्याच्या माईकपासून लांब असू द्या. तबल्याला एकच माईक असेल तर दोन्हींच्या मध्ये, दीड फूट वरून, खाली बघणारा.

टेक, आणि नंतरचं

प्रत्येक टेकच्या आधी तीस सेकंद कुणीही हलायचं नाही, रेकॉर्डिंग चालू. ही खोलीची शांतता नंतर फार उपयोगी पडते. तुकडे जोडताना मधल्या फटीत तीच घालायची, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. नव्या माणसाला पहिले दोन टेक "हे नुसतं लेव्हल बघायला" म्हणून गायला लावते आणि गुपचूप रेकॉर्ड करते. पुष्कळदा तेच ठेवले जातात. गाताना समोर लॅपटॉपचा पडदा ठेवत नाही, उड्या मारणारी रेघ बघितली की गाणारा तिच्याकडे बघत गातो. पडदा माझ्याकडे वळलेला, गाणाऱ्याच्या समोर तंबोरा.

पावसाळ्यात कंडेन्सर माईक स्टँडवर ठेवून देऊ नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आतल्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलून टाका. तक्त्यांच्या मागे महिन्यातून एकदा टॉर्च मारून ओल आणि वाळवी बघा.

एका माईकच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगला साधारण ५२० एमबी जागा लागते, म्हणजे जपून ठेवायला फार मोठी तिजोरी नको. मी दोन हार्ड डिस्क वापरते. एक इथे कपाटात वरच्या कप्प्यात. दुसरी विट्याला, बहिणीकडे, तिकडे कृष्णेचं पाणी येत नाही. महिन्यातून एकदा एसटीनं जाते तेव्हा अदलाबदल होते. जुलै-ऑगस्टमध्ये धरणांतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि आयर्विनची पातळी ४० फुटांकडे सरकायला लागली की अदलाबदल दर आठवड्याला. तंबोऱ्यांच्या खुंट्या सैल करून, गवसणीत घालून, ते तक्त्यांच्या वरच्या माळ्यावर चढतात. पेटी आता वरच असते.